लाळग्रंथींच्या साध्या (कर्करोग नसलेल्या) गाठी, सहा स्लाइडचा संच: पाचपैकी तीन तारे

आमच्या विभागातल्या जुन्या स्लाइड इतक्या फिकट झाल्यात की पोरं लेबल वाचून उत्तरं देतात. म्हणून ओरल पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलसाठी हा संच पदरचे अठराशे रुपये घालून मागवला. पेटी लाकडी, देखणी, पण खाचा सैल. ऑन्कोसायटोमा या गाठीच्या स्लाइडची कव्हरस्लिप, म्हणजे वरची पातळ काच, तडकूनच आली.

वॉर्थिनच्या गाठीच्या एका स्लाइडवर मात्र पैसे वसूल. चारच्या लेन्सखाली कोकणचा नकाशा उघडावा तसं दिसतं: आत शिरलेल्या खाड्या, काठाकाठाने गुलाबी पट्टी, मागे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं निळं दाट रान. चाळीसवर नेलं की पट्टीत पेशींच्या दोन रांगा सुट्या होतात. आतल्या पोकळीकडे उंच, खाली बुटक्या, दोन्ही मायटोकॉन्ड्रियांनी ठासून भरलेल्या, दाणेदार. त्या रानात लिम्फोसाइट वाढतात ती ठिकाणं, दोन जर्मिनल सेंटरही सापडली. कॅनालिक्युलर अ‍ॅडेनोमाही छान, दोन पदर जवळ येतात, लांब जातात, पुन्हा भेटतात. मायोएपिथेलिओमा ठीक.

आता तक्रार. प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमाचा सेक्शन गाठीच्या पोटातून घेतलाय. नळ्या आहेत, त्यांच्यापासून सुटून निळसर बुळबुळीत स्ट्रोमात विरघळत जाणाऱ्या मायोएपिथेलियल पेशी आहेत, एका कोपऱ्यात चक्क कूर्चा आहे. पण काठ कुठाय? या गाठीची कॅप्सूल, म्हणजे भोवतीचं वेष्टन, कुठे जाड, कुठे पातळ, कुठे नाहीच, आणि गाठीची बोटं तिच्यातून बाहेर डोकावतात. नुसती सोलून काढली तर ती वर्षांनी परत का उगवते, हे शिकवायचं तर काठच दाखवावा लागतो.

बेसल सेल अ‍ॅडेनोमात तर काठाशिवाय गाडंच अडतं. पेशींच्या बेटांभोवती कडेच्या न्यूक्लिअसची कुंपणासारखी रांग सुरेख आलीये, मान्य. पण बेसल सेल अ‍ॅडेनोकार्सिनोमा या कर्करोगाच्या पेशीही कित्येकदा अशाच गरीब चेहऱ्याच्या असतात. गाठ शेजारच्या टिशूत घुसलीये का, यावरच निकाल. लेबलवर ‘साधी’ लिहिलंय ते कशाच्या जोरावर?

विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, कलर मस्त आलाय ना?”

आलाय. एच अँड ईला, म्हणजे स्लाइडच्या नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगाला, नावं ठेवायला जागा नाही. तडकलेली स्लाइड झायलीनमध्ये ठेवून मीच सोडवली, डीपीएक्स हा चिकटवायचा द्रव लावून नवी कव्हरस्लिप बसवली. प्लिओमॉर्फिकचा काठ मात्र अजून त्या फिकट स्लाइडवरच दाखवते, लेबलवर चिकटपट्टी लावून.