चटणी-मसाल्याच्या धंद्याचं ब्रँडिंग करून घेतलं: पुढचा हंगाम येईपर्यंतचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या घरगुती चटणीचं रीतसर ब्रँडिंग करून घेतलं. नाव, चिन्ह, पाकीट, लेबल, दुकानाचा बोर्ड आणि ट्रेडमार्कचा अर्ज, सगळं एकदमच. आता पुढच्या हंगामाची मिरची बाजारात यायला लागलीये, म्हणून लिहायला बसले. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात पापड-लोणची-चटण्या करून विकणाऱ्या बायका खूप आहेत, आणि भेटलं की पहिला प्रश्न हाच असतो: एवढा खर्च करून फरक पडतो का? आमच्या ब्रँडचं नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण मला माल खपवायचा नाहीये, अनुभव सांगायचाय.

सासूबाईंच्या वेळेपासून बेळगावच्या वडगावात आमची चटणी होते. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी, कांदा-लसूण घरी परतून, कांडप आमच्याच देखरेखीखाली. माल चांगलाच होता. पण तो साध्या पिशवीत गाठ मारून जायचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीतली पोरं सुट्टी संपली की ट्रंकेत घालून न्यायची, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला परतणारे पाहुणे न्यायचे. तिकडे कुणाला आवडली, तर पुन्हा मागायची कुणाकडे? पिशवीवर अक्षर नव्हतं. आवडलेला माल गिऱ्हाइकाला पुन्हा सापडत नाही, ही आमची खरी अडचण होती.

हे आपल्या भागात नवीन नाही. कुंदा ही मिठाई बेळगावात गल्लोगल्ली मिळते, पण पाहुण्याला न्यायची म्हटलं की माणूस दुकानाचं नाव घेऊनच सांगतो. उलट कोल्हापुरी चप्पल बघा. अथणी, निपाणीकडे ती पिढ्यान्‌पिढ्या शिवली जाते. तिचं भौगोलिक मानांकनही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. नावामुळे सगळ्या भागाला बाजार मिळाला, पण शिवणाऱ्या हाताला गिऱ्हाईक ओळखत नाही. भागाचं नाव मोठं असलं तरी आपलं स्वतःचं नाव लागतंच, हे मला तिथून पटलं.

नाव ठरवताना भावजींचा आग्रह होता की ‘बेळगाव’ आणि ‘चटणी’ हे दोन शब्द पाहिजेतच. वकिलांनी समजावलं की नुसतं गावाचं नाव आणि मालाचं नाव एवढ्यावर ट्रेडमार्कला हरकत येते, त्यावर एकट्याचा हक्क लागत नाही. मग छोटं, जोडाक्षर नसलेलं नाव घेतलं, जे कन्नड माणसाच्या तोंडातही जसंच्या तसं बसतं. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाले आणि चटण्या 30 व्या वर्गात येतात. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4500 रुपये आहे, बाकीच्यांना 9000. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती आधी करून ठेवा. अर्ज केला की नावापुढे ‘टीएम’ लावता येतं, गोलातला ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये नाव छापून आल्यावर हरकतींसाठी चार महिने असतात, आणि एकदा नोंदणी झाली की ती अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं धरतात. म्हणून अर्जाला उशीर करू नये. आमचं पाकीट चालायला लागल्यावर बाजारात तसाच लाल रंग आणि तसाच पिवळा पट्टा असलेलं दुसरं पाकीट आलं. वकिलांनी पत्र पाठवलं तेव्हा हातात अर्जाची तारीख होती, तिचा आधार वाटला. त्यांनी पट्टा बदलला.

पाकिटावर मात्र मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, आणि तो सत्कारणी लागला. डिझाइन करणाऱ्या मुलीने पहिला नमुना आणला तो तपकिरी कागदाचा, पुढे पारदर्शक खिडकी. दिसायला फार सुरेख. मी त्यात चटणी भरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. थोड्याच दिवसांत खिडकीमागची चटणी विटकरी दिसायला लागली आणि कागदावर तेलाचे डाग उमटले. मिरचीचा रंग उजेडात उडतो, आणि ब्याडगीचे पैसे आपण रंगासाठीच मोजतो. तो नमुना परत दिला आणि आतून चंदेरी थर असलेलं, उजेड न शिरणारं पाकीट घेतलं. छापील पाकिटं करायची तर छपाईचे सिलिंडर काढावे लागतात आणि ढीगभर माल एकदम उचलावा लागतो. लहान धंद्याने साधी रंगीत पाकिटं घेऊन स्टिकर लावावेत, मजकूर बदलला तर फक्त स्टिकर वाया जातो.

त्या स्टिकरवर काय काय बसवायचं! उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी, महिना-वर्ष, घटक, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर, तक्रारीसाठी फोन. हा कायद्याचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावाच लागतो, बाकी भाषा त्याच्या जोडीला. म्हणजे 200 ग्रॅमच्या पाकिटावर इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तीन लिप्या. पहिल्या मांडणीत सगळंच बारीक झालं होतं, काही वाचता येत नव्हतं. शेवटी पुढच्या बाजूला फक्त नाव दोन लिप्यांत आणि मोठं उखळ-मुसळाचं चित्र ठेवलं, बाकी सगळं मागे.

हे चित्रच आमच्या सगळ्यात जास्त कामाला आलं. दुकानाच्या बोर्डावर कर्नाटकात 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते. बोर्ड हा इथल्या मराठी माणसाच्या किती जिव्हाळ्याचा विषय आहे ते बेळगावकरांना सांगायला नको, मलाही आपली अक्षरं लहान झालेली बघून वाईट वाटतंच. पण उखळ कुठल्याच भाषेचं नाही. वडगावातल्या आमच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ते कळतं आणि बैलहोंगलच्या दुकानात पहिल्यांदा आलेल्या बाईलाही. तिथल्या दुकानदाराने मला सांगितलं, "नाव कोण घेत नाही ओ वहिनी, उखळाचं पाकीट दाखवून ‘केंपु पाकीट कोड्री’, म्हणजे लाल पाकीट द्या, म्हणतात." सीमाभागात धंदा करणाऱ्यांनी अक्षरांआधी चित्रावर आणि रंगावर पैसे घालावेत, असं माझं ठाम मत झालंय.

दुसरा फायदा मला अपेक्षित नव्हता. पाकिटावर फोन नंबर आणि बॅच नंबर असल्यामुळे लोक फोन करतात. फोंड्याहून एका ताईंचा फोन आला: मागच्यापेक्षा यावेळी तिखट जास्त आहे, मुलं खात नाहीत. बॅच नंबर विचारला, वही काढली, तर त्या बॅचला संकेश्वरीचा नवा लॉट लागला होता आणि तो जास्त जहाल निघाला होता. तेव्हापासून प्रत्येक लॉट आधी थोडा कांडून चाखतो आणि त्यावर ब्याडगी-संकेश्वरीचं प्रमाण ठरवतो. पूर्वी सुट्या पिशवीत दोन चटण्यांची चव वेगळी निघाली तर ‘घरचं आहे, चालायचंच’ म्हणून लोक सोडून द्यायचे. नाव छापल्यावर तसं होत नाही, आणि व्हायलाही नको. दर वेळी तीच चव देणं हे लोगोपेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि गिऱ्हाईक परत येतं ते त्यासाठीच.

न पटलेल्या गोष्टी: एका एजन्सीला काही महिने सोशल मीडियाचं काम दिलं होतं. फोटो छान यायचे, लाइकही यायचे, ऑर्डर मात्र येत नव्हत्या. व्हॉट्सअॅपवर दर आणि वजनांची साधी यादी ठेवली, त्यावर आजही रोज चौकशी असते. चकचकीत माहितीपत्रक आणि छापील कापडी पिशव्याही पहिल्या वर्षी नसल्या तरी चालतं.

एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही. नाव पसरलं की माल सीमेपलीकडून मागवतात, आणि जीएसटीत दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणीतून मिळणारी सूट लागू होत नाही, नोंदणी पहिल्या विक्रीपासूनच लागते. म्हणजे बेंगळूरला पाठवताना जी गोष्ट लागत नाही ती महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या दुकानात चार पाकिटं ठेवताना लागते, आणि शिनोळी इथून हाकेच्या अंतरावर! आम्ही नोंदणी केली, भावजी दर महिन्याला हिशेब बघतात. चंदगड-गडहिंग्लजकडून मागणी चांगली आहे, त्यामुळे ते परवडतं. पण हा खर्च ब्रँडिंगच्या खर्चातच धरून चला.

तुमचा सगळा माल एक-दोन खानावळींना सुटा जात असेल, तर हे काहीच करू नका, त्या पैशांची चांगली मिरची हंगामात भरून ठेवा. घरी येणारं गिऱ्हाईक ‘बहिणीलाही पाठवायचीये’ म्हणायला लागलं असेल, तर मात्र थांबू नका. आधी ट्रेडमार्कचा अर्ज, मग पाकीट, मग बोर्ड, या क्रमाने करा.