मायक्रोग्रिडच्या प्रोजेक्टला बॅटरी कोणती?

नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत एम.टेक. करणारा भाचा अडलाय: सोलर मायक्रोग्रिडला (म्हणजे छोट्या, स्थानिक वीजजाळ्याला) लेड-अ‍ॅसिड घेऊ की लिथियम आयर्न फॉस्फेट?

घेताना लेड-अ‍ॅसिड स्वस्त, भंगारातही चार पैसे देते. पण रोज चार्ज निम्म्याखाली उतरवला की लवकर बसते. लिथियम 80 टक्के बिनधास्त वापर. खरी परीक्षा नागपूरच्या मे महिन्यात. पारा 45 वर, आणि 25 अंशांपुढे दर 10 अंशांना लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डिस्टिल्ड वॉटरही सारखं बघावं लागतं. लिथियमला पाणी नको, बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवून तिला जपणारी सर्किट यंत्रणा) मात्र हवंच. तिचं व्होल्टेज सेलमागे 3.2 च्या आसपास सपाट राहतं, म्हणून चार्ज किती उरला हे चटकन कळत नाही. (थिसिसला हाच तर मसाला!)

नुसता इन्व्हर्टर कंट्रोल तपासायचा तर लेड-अ‍ॅसिड पुरे. काम बॅटरीवरच असेल तर लिथियमच घे.