पोटऱ्या बारीक करायच्यात: व्यायाम बदलायचा, बोटॉक्स घ्यायचं की ऑपरेशन?

ज्यांच्या पोटऱ्या व्यायामाने किंवा जन्मतःच भरलेल्या आहेत आणि त्या थोड्या बारीक व्हाव्यात असं मनापासून वाटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. "अगं काय फरक पडतो, पाय धडधाकट आहेत ना" हे आपल्याला घरी दारी सगळे ऐकवतात, माझी आईपण ऐकवायची, पण बाकी अंग सडपातळ आणि गुडघ्याखाली एकदम गोळा, सरळ कटची जीन्स पोटरीवर अडकते, बूट घ्यायला गेलं की चेन अर्ध्यात थांबते, हे ज्याचं त्यालाच माहीत. तेव्हा वाटणं चूक नाही. फक्त निर्णय घाईत घेऊ नका, कारण तीन रस्ते आहेत आणि तिन्हींत परत फिरायची सोय सारखी नाही.

माझं आधी सांगते. नाशिकला गंगापूर रोडवरच्या जिमला जायचे, रोज हजार दीड हजार दोरीच्या उड्या, आठवड्यातून दोनदा बॉक्स जंप, आणि रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या, त्याही चवड्यांवर कारण कोणीतरी सांगितलेलं की तसं चढलं की पाय बारीक होतात. दोन वर्षांत पोटरी 38 वरून साडेचाळीस सेंटीमीटर झाली. मग एका क्लिनिकमध्ये गेले. समोरच्या बाईंनी टेबलापलीकडूनच सलवारीवरून बघितलं, पायाला हातही लावला नाही, आणि बोटॉक्सच्या इंजेक्शनच्या दोन सिटिंगचं पॅकेज लिहून दिलं. मला तेव्हा काही कळत नव्हतं, पण इतकं कळलं की न बघता दिलेलं औषध घ्यायचं नाही.

नंतर एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले, त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत जे केलं ते तुम्ही आज घरी करू शकता. मला भिंतीला हात टेकवून उभं केलं, म्हणाल्या, "टाचा उचला, चवड्यांवर उभ्या राहा, आता तशाच थांबा." मसल दगडासारखा झाला. मग त्यांनी पोटरीच्या आतल्या बाजूची कातडी चिमटीत धरली. "बघा ताई, चिमटीत येतंय ते चरबी, चिमटीखाली कडक लागतंय ते मसल. तुमच्या चिमटीत काहीच नाही." म्हणजे माझं सगळं मसलच. तुमच्या चिमटीत जाड थर आला तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, तुमचा विषय वजनाचा आहे, आणि चरबी हव्या त्या एकाच जागेवरून व्यायामाने उतरत नाही. मसलचं मात्र उलट आहे, ज्या मसलवरचा भार कमी कराल तोच बारीक होतो, शेजारचा नाही. हात प्लास्टरमध्ये असला की तो एकच हात कसा बारीक होऊन बाहेर येतो, तसं.

आणि अजून एक, हे अगदी कळकळीने सांगते. एकच पाय जाड असेल, सूज अचानक आली असेल, बोटाने दाबल्यावर खड्डा पडत असेल, पोटरी गरम लागत असेल किंवा दुखत असेल तर ही सौंदर्याची बाब नाही, आधी डॉक्टर. शिरेत रक्ताची गाठ, हत्तीपायाची सुरुवात, काहीही असू शकतं. लहान मुलाच्या पोटऱ्या फुगीर आणि तरी तो जिना चढताना, खाली बसून उठताना धडपडतोय असं असेल तर थेट बालरोगतज्ज्ञ, वेळ घालवू नका.

आता पोटरीत काय असतं ते थोडक्यात. वरचा मसल दोन भागांचा, आतला आणि बाहेरचा, मागून जो गोळा दिसतो तो मुख्यतः आतला भाग. त्याच्याखाली एक चपटा मसल, तो दिसत नाही पण नुसतं उभं राहणं आणि चालणं बरंचसं तोच सांभाळतो. दोन्ही मिळून टाचेच्या शिरेला, म्हणजे मसल हाडाला बांधणाऱ्या जाड दोरीला, जोडलेले. काहींचा मसल वरच संपतो आणि खाली लांब शीर, त्यांची पोटरी वर गोळा आणि घोटा बारीक दिसतो, काहींचा पार खालपर्यंत भरलेला. हा आकार आईवडिलांकडून येतो, तो कशानेही बदलत नाही, फक्त जाडी बदलते.

पहिला रस्ता, व्यायाम बदलणं. याला कोणी पैसे मागत नाही म्हणून याची जाहिरात कोणी करत नाही, पण मसल मुळात व्यायामाने वाढलेला असेल तर सगळ्यात भरवशाचा हाच. बंद काय करायचं: दोरीच्या उड्या, बॉक्स जंप, वजन घेऊन टाचा उचलणं, चढावरचे स्प्रिंट, चवड्यांवर पायऱ्या चढणं. उंच टाचेची चप्पल रोज वापरत असाल तर तीपण, तिने मसल आखडतो आणि टाचेची शीर ताठ होते. चालू काय ठेवायचं: सपाट चालणं, पोहणं, सायकल. पायऱ्या चढायच्याच असतील तर पूर्ण पाऊल पायरीवर ठेवायचं आणि टाचेने रेटायचं, मग काम मांडी आणि कुल्ल्यावर जातं.

सायकलवाल्यांसाठी वेगळं सांगते, कारण आपल्या नाशिकमध्ये सायकलचं वेड मोठं आहे, डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्याच भावांनी 2015 ला रेस अॅक्रॉस अमेरिका दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली तेव्हापासून तर त्र्यंबक रोडला पहाटे गर्दीच असते. सायकल सोडायची गरज नाही. सीटची उंची नीट लावा, बोटं खाली खुपसून पेडल मारू नका, क्लीट (बूट पेडलला अडकवणाऱ्या पट्ट्या) असतील तर थोड्या मागे सरकवा म्हणजे पोटरीवरचा जोर कमी होतो, आणि जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला 80 ते 90 फेरे. धावण्याचंही तसंच, लोक उगाच घाबरतात. आपल्या जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये 10,000 मीटरला ब्राँझ मिळवलं, त्या शर्यतीतल्या कुठल्याही धावपटूचे पाय आठवून बघा, लांब पल्ल्याचं निवांत धावणं पोटरी फुगवत नाही. फुगवतात त्या उड्या, स्प्रिंट आणि वजनं.

माझा हिशोब सांगते. आईच्या शिवणाच्या पेटीतला टेप घेतला, गुडघ्याच्या वाटीखाली 15 सेंटीमीटरवर पेनाने खूण, दर रविवारी सकाळी उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, दोन्ही पायांचं माप कॅलेंडरवर. संध्याकाळी मोजू नका, दिवसभर उभं राहून पाय भरतो आणि आकडा फसवतो. पहिल्या तीन आठवड्यांत साधारण अर्धा सेंटीमीटर गेला, मला वाटलं झालंच, तर मॅडम म्हणाल्या, "ते मसलमधलं पाणी आणि साखरेचा साठा, खरं मसल आता उतरेल, धीर धरा." मग दीड महिना काहीच नाही, टेप तिथेच. सातव्या महिन्याला डावी 38.7, उजवी 38.9. म्हणजे दीड पावणेदोन सेंटीमीटर. ऐकायला थोडं वाटतं, पण जीन्स उतरवताना अडकायची थांबली.

यातला तोटा असा की जन्मतः पोटरी भरलेली असेल आणि तुम्ही व्यायाम करतच नव्हता, तर कमी करायला काही उरतच नाही, चालणं तर थांबवता येत नाही. वजन जास्त असेल तर ते उतरवून फरक पडतो कारण पोटरी प्रत्येक पावलाला अख्खं वजन उचलते. पण सडपातळ अंग आणि आई मावशी सगळ्यांच्याच पोटऱ्या तशा, अशांना या रस्त्याने फार काही हाती लागणार नाही, हे आत्ताच सांगितलेलं बरं. उपाशी राहून, डाळ अंडी बंद करून मसल उतरवायला तर अजिबात जाऊ नका, ते सगळीकडूनच उतरतं. स्ट्रेचिंग, मसाज, फोम रोलर, थरथरणारी मशीन, पट्टे गुंडाळणं, यातल्या कशानेही मसल बारीक होत नाही.

दुसरा रस्ता बोटॉक्स. हे एका जिवाणूपासून मिळणारं प्रोटीन आहे, नस जिथे मसलला मिळते तिथे नसेचा निरोप अडवतं, मसल काम कमी करतो, काम कमी म्हणून बारीक होतो. म्हणजे तत्त्व पहिल्या रस्त्याचंच, फक्त विश्रांती इंजेक्शनने लादलेली. पोटरी बारीक करण्यासाठीचा वापर ऑफ-लेबल आहे, म्हणजे औषध जुनं आणि माहितीतलं, पण या कामासाठी म्हणून मंजूर झालेलं नाही, डॉक्टरांनी हे तुम्हाला स्वतःहून सांगायला हवं. दोन भुवयांमधल्या आठीला 20 युनिट लागतात, पोटरीचा मसल त्याच्या कितीतरी पट मोठा, एकेका पायाला 60 ते 100 युनिट सहज, कधी त्याहून जास्त. युनिटमागे 300 रुपये धरले आणि दोन्ही पायांचे मिळून 200 युनिट धरले तर 60 हजार झाले. आणि ते एकदाचे नाहीत. दोनेक आठवड्यांत मसल मऊ पडतो, बारीकपणा एक ते तीन महिन्यांत दिसतो, साधारण सहा महिन्यांनी परत भरायला लागतो, मग पुन्हा तेवढाच खर्च.

त्रास काय होतो? काळंनिळं पडणं, दोन पायांत थोडा फरक दिसणं, आणि मुख्य म्हणजे पाय लवकर थकणं. खालचा चपटा मसल शाबूत असतो म्हणून घरात, ऑफिसात चालताना जाणवत नाही, पण चढावर, धावताना, चवड्यांवर उभं राहताना जाणवतं. ब्रह्मगिरी, अंजनेरी दर महिन्याला करणाऱ्यांनी, सप्तशृंगीला ट्रॉली असूनही पायऱ्यांनीच जाणाऱ्यांनी हे नीट धरून विचार करावा. शिवाय वरचा मसल काम सोडतो तेव्हा खालचा ते अंगावर घेऊन थोडा वाढू शकतो. गरोदर असाल, बाळाला पाजत असाल, किंवा मायस्थेनियासारखा नसा मसलचा आजार असेल तर घ्यायचंच नाही.

तरी मी याला वाईट म्हणणार नाही. ज्यांची पोटरी मुळातूनच भरलेली, ज्यांना डोंगर चढायचे नाहीत, ज्यांना एकदा बघायचंय की बारीक पोटरी आपल्याला खरंच आवडते का, त्यांच्यासाठी हा रस्ता ठीक आहे, कारण नाही आवडलं तर औषध उतरतं. लग्न दोन महिन्यांवर असेल तर व्यायाम बदलून तोपर्यंत दिसण्यासारखं काही होणार नाही, बोटॉक्सने थोडंफार होईल, पण ते लग्नाच्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही, आत्ताच विचारा.

तिसरा रस्ता ऑपरेशन. कोरियात हे बरंच चालतं. गुडघ्यामागे छोटी चीर देऊन आतल्या भागाला जाणारी नसेची फांदी कापतात, किंवा सुईने उष्णता देऊन ती जाळतात, काही ठिकाणी मसलचा तुकडाच काढतात. फरक टिकाऊ, एकदाच खर्च, म्हणून आकर्षक वाटतं. पण व्रण राहतो, काही भाग बधिर होऊ शकतो, पोटरी खड्ड्याखड्ड्यांची दिसू शकते, खालचा मसल भरपाई करत फुगू शकतो, कधी नस परत जुळते आणि गोळा परत येतो. आणि नाही आवडलं तर? कापलेली नस मागायला परत जाता येत नाही. माझं मत सरळ आहे, निरोगी पायाची नस दिसण्यासाठी कापू नये, निदान बोटॉक्सने वर्षभर तो आकार जगून बघितल्याशिवाय तर नाहीच, आणि वीस वर्षांच्या आतल्या कोणी तर याचं नावही काढू नये. लायपोसक्शनचं विचारतात म्हणून सांगते, ते फक्त चरबी ओढतं, मसलला हात लावत नाही, चिमटीत काही येत नसेल तर पैसे वाया.

मग कोणी काय करावं? व्यायामाने वाढलेली असेल तर सहा महिने व्यायाम बदला, दुसरं काहीच नको. जन्मतः असेल आणि रोज मनाला लागत असेल तर बोटॉक्सचा विचार करा, पण आधी आठ रविवारची मापं लिहून ठेवा, म्हणजे इंजेक्शनने नक्की किती फरक पडला ते तुमच्या हातात राहील, क्लिनिकच्या फोटोवर अवलंबून राहायला नको. फोटो उजेड आणि टाचेची उंची बदलून हवा तसा काढता येतो.

आणि क्लिनिकला गेलात तर हे विचारा: पाय तपासणार कोण आणि सुई टोचणार कोण, त्यांची डिग्री काय, पोटऱ्या किती केल्यात, एका पायाला किती युनिट आणि कुठल्या भागात, बाटली माझ्यासमोर उघडणार का, बिलावर कंपनीचं नाव आणि बॅच नंबर येणार का, एक पाय जास्त बारीक झाला तर पुढे काय करणार. उत्तरं देण्याआधी ते तुम्हाला टाचा उचलून उभं राहायला सांगतात का तेही बघा.