विस्मरण झालेल्या ज्येष्ठांसाठीचे दिवसभराचे केंद्र: दहा महिन्यांचा अनुभव

माझे सासरे, ज्यांना घरात सगळे नाना म्हणतात, रेल्वे डाक सेवेत सॉर्टर, म्हणजे टपालाची ठिकाणांनुसार वर्गवारी करणारे कर्मचारी होते. आज त्यांचे वय 82 आहे आणि तीन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. आम्ही नवराबायको दोघेही नोकरी करतो. कोथरूड परिसरातील एका ज्येष्ठ नागरिक संघाने विस्मरण झालेल्या ज्येष्ठांसाठी चालवलेल्या केंद्रात नाना गेले दहा महिने जात आहेत, त्या केंद्राविषयी हे लिहीत आहे. त्रुटींबद्दलही मोकळेपणाने लिहिता यावे म्हणून केंद्राचे नाव दिलेले नाही.

महापालिकेच्या उद्यानांतील विरंगुळा केंद्रे आणि हे केंद्र यांत मोठा फरक आहे. विरंगुळा केंद्रात एकटे येऊन वर्तमानपत्र, कॅरम आणि गप्पा आटोपून एकटेच घरी परतू शकणाऱ्यांची सोय असते. नाना मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला गेले तरी परतीचा रस्ता विसरतात. त्याआधी आम्ही एका ब्युरोकडून घरी बारा तासांसाठी मावशी ठेवून पाहिल्या होत्या. दोन महिन्यांत पाच मावशी बदलल्या, प्रत्येकीला नानांच्या गोळ्या नव्याने समजावून सांगाव्या लागल्या आणि रोज नवा चेहरा पाहून नाना ‘या बाई कोण?’ म्हणून दार लावून घेऊ लागले. अनामत रक्कम अजूनही परत मिळालेली नाही.

केंद्र सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच असते. जागा पंधरा, दोन प्रशिक्षित सेविका, एक समन्वयक आणि संघातल्याच काही निवृत्त मंडळींची आलटूनपालटून हजेरी. डबा घरून द्यावा लागतो, चहा तिथे मिळतो. दारात एक वही असते, तिच्यात ज्येष्ठाला कोणी सोडले आणि कोण नेणार हे दोन्ही लिहावे लागते. माझा सख्खा दीर एकदा आयत्या वेळी नानांना न्यायला गेला, तेव्हा मला फोन करून खात्री होईपर्यंत त्याला बसवून ठेवले गेले. दिराला राग आला, मी मात्र निश्चिंत झाले.

प्रवेशाच्या वेळी समन्वयक बाईंनी औषधांपेक्षा जास्त वेळ नानांच्या नोकरीविषयी विचारण्यात घालवला, याचे तेव्हा मला नवल वाटले होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सभासदांकडून जुनी पाकिटे गोळा करून नानांच्या पुढ्यात ठेवली. नाना तासभर पाकिटांचे गठ्ठे लावत बसले. चिपळूण आणि कऱ्हाड त्यांनी एकाच गठ्ठ्यात टाकले, तेव्हा एका स्वयंसेविकेने ‘एक कोकणातले, एक घाटावरचे’ म्हणून ती पाकिटे वेगळी केली. नानांनी ती पुन्हा एकत्र केली आणि ‘दोन्ही चारशे पंधरा’ एवढेच म्हणाले. पिनकोडचे पहिले तीन अंक सॉर्टिंगचा जिल्हा दाखवतात आणि कऱ्हाड, चिपळूण ही दोन्ही गावे 415 मध्येच येतात. नातवाचे नाव न आठवणारा माणूस इथे अचूक होता. चित्रे रंगवायला लावणाऱ्या, टाळ्या वाजवायला लावणाऱ्या इतर दोन जागा मी पाहिल्या होत्या. वयस्कर माणसांना बालवाडीतल्या मुलांसारखे वागवणे मला तिथे खटकले होते, ते इथे नाही.

कुटुंबीयांसाठी महिन्यातून एक बैठक असते. कल्पना उत्तम आहे, परंतु ती बुधवारी दुपारी चार वाजता असते, म्हणजे ज्यांच्या नोकरीमुळे केंद्राची गरज निर्माण झाली त्यांनाच येता येत नाही. दोनदा रजा काढून गेले, तेव्हा अंघोळीला नकार देणाऱ्या माणसाशी वाद न घालता पाणी तयार ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा विचारावे, ही साधी युक्ती मिळाली आणि घरातली रोजची भांडणे निम्मी झाली. शनिवारी केंद्र अर्धा दिवस असते, ने-आण करण्यासाठी वाहन नाही आणि रिक्षाचा खर्च धरला तर महिन्याचे साडेसहा हजार रुपये शुल्क नऊ हजारांच्या घरात जाते. शौचालयात आधारासाठी दांडी बसवायला सात महिने लागले, हे ज्येष्ठांच्या संस्थेला शोभणारे नाही.

सरकारी सेवांचा या गरजेसाठी फारसा उपयोग होत नाही. 14567 ही राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक मदतवाहिनी सकाळी आठ ते रात्री आठ सुरू असते. तिथे मराठीत, घाई न करता माहिती मिळाली, पण दिवसभर सांभाळणारी सेवा मिळवून देणे हे तिचे काम नव्हे. 70 वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता मिळणारे आयुष्मान वय वंदना कार्ड आम्ही काढले आहे, ते रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. 2007 च्या आई-वडिलांच्या चरितार्थाच्या कायद्यात आई-वडिलांना टाकून देणाऱ्या मुलांना तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. टाकून न देता रोज सांभाळणारी मुले थकतात, त्यांना आठवड्यातून एक दिवस तरी मोकळा मिळावा, याचा विचार त्या कायद्यात कुठे दिसत नाही.

प्रवेश हवा असल्यास निदानाचे कागद, औषधांची यादी आणि दोन नातेवाइकांचे फोन क्रमांक लागतात, त्यानंतर आठवडाभर चाचणी म्हणून घेतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: लघवीवरचे नियंत्रण पूर्णपणे गेले की ज्येष्ठाला ठेवून घेता येत नाही, कारण तेवढे मनुष्यबळ नाही. गेल्या महिन्यात नानांच्या पिशवीतून दोनदा ओले कपडे घरी आले. समन्वयक बाईंनी अजून काही म्हटलेले नाही, पण मी पुढच्या जागेची चौकशी सुरू केली आहे आणि या शुल्कात तशी सेवा देणारे ठिकाण मला अद्याप सापडलेले नाही.