मेपल सिरप, ५४० मिलीचा डबा: काकवीची परदेशी चुलत बहीण, साडेतीन स्टार

भाचा कॅनडात शिकायला आहे, ऑन्टारियोत. गेल्या महिन्यात बेळगावला आला तेव्हा बॅगेतून दोन पत्र्याचे डबे काढून कट्ट्यावर ठेवले. मला आधी वाटलं ऑइलपेंट आणलाय की काय. म्हणाला मामा, मेपल सिरप, थेट क्वेबेक प्रांताचं, काचेच्या बाटलीतलं टुरिस्ट लोक नेतात, तिथली माणसं असा डबा घेतात. बरं म्हटलं.

पहिली अडचण म्हणजे डबा फोडायचा कसा. वर झाकण नाही, रिंग नाही, ओपनर आमच्या घरात कधी नव्हताच. शेवटी स्क्रू ड्रायव्हर आणि बत्त्याने दोन भोकं पाडली. पहिली धार माझ्या शर्टावर, दुसरी कट्ट्यावर, आणि पाच मिनिटांत मुंग्यांची लाइन. ओपनर आधी आणून ठेवा, नाहीतर नारळ फोडल्यासारखी गत होते.

आता चव. आईने गरम आंबोळी काढली, वर तूप सोडलं आणि हे ओतलं. पातळ आहे हो, काकवीसारखं तार धरत नाही, आंबोळीच्या जाळीतून खाली ताटात पळतं. आईने बोट चाटून निकाल दिला, काकवीत पाणी घातलंय कुणीतरी. मला मात्र वास आवडला, जरा करपलेल्या साखरेसारखा आणि मागून लाकडाचा. काकवीला जी खारट, मातीची चव असते ती यात नाही. डब्यावर डार्क लिहिलंय, पण ते रंगाचं आणि चवीचं, दाटपणाचं नव्हे, त्याला फसू नका. डोशाबरोबर ठीक, दह्यात घालून एकदम मस्त, चपातीबरोबर खाऊ नका, उगीच.

करायची पद्धत ऐकून आपलं गुऱ्हाळच आठवतं. मार्च-एप्रिलमध्ये रात्री बर्फ पडायची थंडी आणि दिवसा जरा ऊन, असं असलं की मेपलच्या झाडाला भोक पाडून रस काढतात आणि आटवतात, साधारण ४० लिटर रस आटवला की एक लिटर सिरप. जगातलं निम्म्याहून जास्त सिरप एकट्या क्वेबेकमध्ये होतं आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण, तर शेजारची अमेरिका. तिथेच सगळी गोची झाली.

भाचा आंबोळ्या खात खात सांगालता आणि आम्ही ऐकालतो. ४ मार्च २०२५ ला ट्रम्पनी कॅनडाच्या मालावर २५ टक्के टॅरिफ, म्हणजे आयात कर, लावलं, कारण काय सांगितलं तर फेंटानिल नावाचं ड्रग आणि घुसखोर. दोनच दिवसांत अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोच्या व्यापार करारात बसणाऱ्या मालाला सूट दिली, मग पोलाद-ॲल्युमिनियमवर लावलं, जूनमध्ये ते ५० टक्के केलं, ऑगस्टमध्ये सूट नसलेल्या मालावरचे २५ चे ३५ केले. आणि तो करार कुणी केलेला, तर ट्रम्पनीच पहिल्या टर्ममध्ये, १ जुलै २०२० पासून चालू. आपलीच सही आणि आपणच फाडायचं. तिकडे ऑन्टारियोत दारूची दुकानं सरकारी मंडळाची, त्यांनी ४ मार्चलाच अमेरिकन दारू शेल्फवरून काढून टाकली. किराणा दुकानात कॅनडाने उलट लावलेल्या टॅरिफमुळे महागलेल्या अमेरिकन मालाला टी अक्षराची खूण लागली, आणि लोक डबा उलटा करून कुठला माल ते वाचून मग घ्यायला लागले. हा पण शिकला वाचायला, स्टुडंट असून, पैसे वाचवायच्या वयात.

पण म्हणाला मामा, टॅरिफचं काय नाही, लोकांना झोंबलं ते ५१वं राज्य. डिसेंबर २०२४ पासून ट्रम्प तिथल्या पंतप्रधानाला, ट्रुडोंना, गव्हर्नर ट्रुडो म्हणायला लागले, म्हणजे तुम्ही आमचे एक राज्यच की. तिथली इलेक्शनच त्याने फिरली. जानेवारीत लिबरल पार्टी पार गाळात होती, ट्रुडोंनी राजीनामा जाहीर केला, त्यांच्या जागी कार्नी आले आणि २८ एप्रिलला तीच पार्टी जिंकली, वर विरोधी नेत्याची स्वतःची सीट गेली.

आई एवढा वेळ गप्प होती. तवा उतरवत म्हणाली, आम्ही १९५६ पासून आम्हाला महाराष्ट्रात घ्या म्हणून बोंबलालोय तर कोण घेईना, आणि ते नको नको म्हणालेत तर त्यांना ओढून न्यायलेत. भाच्याला ठसकाच लागला.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते खरं तर लेबल. आत काय आहे, किती आहे, दोन्ही इंग्लिश आणि फ्रेंचमध्ये, सारख्या अक्षरात. तिथला कायदाच आहे तसा. मी तो डबा दिव्याखाली धरून बराच वेळ बघत बसलो. इथे पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे म्हणून पेंटर लोकांची दिवाळी झाली, आणि एका ऑफिसात मी मराठीत अर्ज मागितला तर खिडकीतल्या माणसाने मान पण वर केली नाही. असो, सिरपचा रिव्ह्यू आहे हा.

आमची आत्या शिनोळीला दिलेली, म्हणजे महाराष्ट्रात, इथून गाडीवर अर्धा-पाऊण तास. ती आली की जाताना इकडे पेट्रोल टाकी फुल करूनच जाते, स्वस्त म्हणून. भाचा म्हणाला तिकडे पण असंच होतं, कॅनडावाले पेट्रोल भरायला, चीज आणायला सहज अमेरिकेत जायचे, आता कित्येकांनी जाणंच सोडलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे भाषेच्या भांडणापायी दोन्ही राज्यांच्या एसट्या बंद पडल्यात्या, तेव्हा आत्या सहा आसनीतून पिशवी सांभाळत आली होती ते मला आठवलं.

तक्रार एकच आणि ती माझीच चूक. फोडल्यावर बरणीत ओतून फ्रिजमध्ये ठेवायला पाहिजे, मी काकवीसारखी कट्ट्यावर ठेवली. तीन आठवड्यांनी वर पांढरी बुरशी, पावशेरभर टाकून द्यावं लागलं. दुसरा डबा नीट फ्रिजमध्ये गेला. इथे ऑनलाइन किंमत बघितली आणि ॲप बंद केलं, एवढ्यात वर्षाची काकवी येते, त्याचाच अर्धा स्टार कापला.

रिकामा डबा आईने वरचा पत्रा कापून, कड ठोकून, घासून तांदळाच्या पिंपात माप म्हणून टाकलाय. काठोकाठ एक डबा घेतला की आमच्या चौघांचा भात बरोबर होतो.