जुनी सायकल: पोलिसांच्या लिलावातून घ्यावी की दुकानातून?

गोव्यात जुनी सायकल तीन ठिकाणी मिळते: पोलीस ठाण्याच्या लिलावात, दुरुस्तीवाल्याच्या दुकानात किंवा थेट मालकाकडे. उद्यापासून कामावर जायला हवी असेल तर दुकान गाठा. ज्याला पाना चालवता येतो आणि घाई नाही, त्याने लिलावाकडे वळावे.

लिलावाची खरी ताकद मालकी हक्कात आहे. सायकलीला आरसी बुक नसते. फ्रेमवर ठोकलेला नंबर हीच तिची ओळख. बेवारस सायकलीचा मालक ठाऊक नसेल तर दंडाधिकारी जाहीर सूचना काढतात. सहा महिन्यांत कुणी हक्क सिद्ध केला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ आणि ५०४ नुसार पुढे विक्रीची वाट मोकळी होते. फ्रेम नंबर लिहिलेली पावती मागून घ्या आणि जपा. थेट खरेदीत हे कवच नाही. सायकल चोरीची निघाली तर ती मूळ मालकाकडे जाते. विकणाऱ्याचीच नव्हती, तर तुमची कशी होणार? जाणूनबुजून घेतली असेल तर न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून मूळ बिल आणि फ्रेम नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण हक्क पक्का करणारे तेच महिने सायकलीला खातात. आवारात उघड्यावर एक पावसाळा काढला, वर आपली खारी हवा, की सीटची दांडी नळीत जाम होते आणि हबमधले छर्रे गंजतात. चेनवरचा गंज दिसतो, त्याची काळजी नको. चेन बदलता येते. पायडलच्या आसाजवळ नळ्या जुळतात तिथे पाणी साचून फ्रेम आतून कुजते, ते मात्र निस्तरत नाही. तिथे रंगाला फोड आलेले दिसले, तर पुढची सायकल बघा. टायर, ट्यूब, चेन आणि ब्रेकचे रबर नवेच लागणार असे धरून चला.

पोदेर पाव घेऊन फिरतो तसली काळी, २८ इंची सायकल लिलावात डोळे झाकून नव्हे, पण निर्धास्तपणे घ्यावी. तिचे सुटे भाग एका कंपनीचे दुसरीला चालतात. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या जूनमध्ये बंद पडला, तरी तिची सायकल आजही दुरुस्त होते. गियरची सायकल लिलावात घेऊ नका. तिचे भाग मॉडेलनुसार बदलतात. ती थेट मालकाकडून, बिलासकट घ्यावी.

दुकानात दोन पैसे जास्त जातात, पण म्हापसा, मडगाव, फोंड्यात दुकानदार चक्कर मारू देतो. उतारावर ब्रेक तपासा आणि हात सोडल्यावर सायकल एका बाजूला ओढते का बघा. ओढत असेल तर पुढचे चाक धरणारा चिमटा वाकलेला असू शकतो. लिलावात ही सोय धरू नका.

लिलावाला जाण्याआधी ठाण्यात विचारा: सायकली सुट्या विकणार की भंगारासोबत एकगठ्ठा? पाहणी कधी, अनामत किती, माल किती दिवसांत उचलायचा? एकगठ्ठा असेल तर भंगारवाल्यांपुढे एकट्या गिऱ्हाइकाचा निभाव लागत नाही. देवळातल्या पावणीत, म्हणजे लिलावात, नारळाचा भाव श्रद्धेने चढतो. इथे आकडा घरूनच ठरवून जा. तशाच नव्या सायकलीची निम्मी किंमत धरा, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा आणि उरेल तिथेच बोली थांबवा.