पानाचा फोटो बघून बाटल्या विकणारा ‘प्लांट डॉक्टर’ : कोकोमध्ये झाडं लावणाऱ्यांनी जरूर वाचा

आधीच सांगतो, मी कॅनडात ऑन्टॅरिओमध्ये राहतो. इथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून सज्ञान माणसाला घरी गांजाची झाडं लावता येतात, पण ती चार, आणि चार म्हणजे घरामागे चार, माणशी नाही, क्वेबेकमध्ये तर तेही चालत नाही. भारतात हा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या कुणी यातलं काही करून बघू नका. पण माझी फसवणूक झाली ती कोकोपीट (मातीऐवजी वापरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, थोडक्यात कोको) आणि खताच्या बाटल्यांमध्ये, आणि हाच प्रकार उद्या टोमॅटो नाहीतर सिमला मिरची लावणाऱ्याच्या बाबतीतही होऊ शकतो म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

बेसमेंटमध्ये झाडं वाढवायचा टेंट लावला, एलईडी लाइट घेतला, आणि ओळखीतल्या एकाने व्हॉट्सॲपवर एका विक्रेत्याचा नंबर दिला. तो कोकोच्या विटा दुकानापेक्षा स्वस्त देत होता, पिशवीवर ‘वॉश्ड अँड बफर्ड’ असं मोठं स्टिकर, बाकी कंपनीचं नाव नाही, बॅच नंबर नाही, माल कुठून आला तेही नाही. वर त्याची फुकट सर्व्हिस म्हणजे ‘प्लांट डॉक्टर’, पानाचा फोटो पाठवायचा आणि तो रोग सांगणार. पैसे फक्त ई-ट्रान्सफरने.

रोपं हातभर झाली आणि गडबड सुरू झाली. खालच्या आणि मधल्या पानांच्या शिरा हिरव्यागार पण दोन शिरांमधला भाग पिवळा पडत चाललेला, आणि शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर गंजाच्या रंगाचे बारीक ठिपके, कडा वेड्यावाकड्या. फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर, नायट्रोजन कमी आहे, ही बाटली घ्या, ४५ डॉलर. त्याने एकही प्रश्न विचारला नाही. पान वरचं की खालचं, पाणी कुठलं, पीएच (आम्लता) किती, ईसी (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा आकडा) किती, काही नाही. फोटो तर एलईडीच्या जांभळ्या उजेडात काढलेला, त्यात पिवळं काय आणि तपकिरी काय हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

बाटली दिली, फरक नाही. मग म्हणाला ‘लॉकआउट’ झालंय, म्हणजे खत आहे पण झाडाला घेता येत नाही, फ्लशिंगचं औषध घ्या, भरपूर साध्या पाण्याने कोको धुवून काढा. मग म्हणाला मुळं सडतायत, एन्झाइमची बाटली घ्या. मध्येच सांगितलं की नळाचं पाणी विषारी आहे, आरओ लावा, आणि आरओची मशीनपण त्याच्याकडेच मिळत होती.

त्याची खरी युक्ती मला नंतर लक्षात आली आणि ती सगळ्यांनी नीट समजून घ्या. तो दर वेळी म्हणायचा, ‘तेच पान परत दाखवा.’ आता एकदा पानावर ठिपका पडून तो भाग मेला की तो परत हिरवा होत नाही, तुम्ही जगातलं सगळ्यात भारी खत घाला, तो ठिपका तिथेच राहणार. इलाज लागू पडला की नाही हे नव्याने फुटणाऱ्या पानांवर बघायचं असतं. तो मुद्दाम जुनं पान मागायचा, ‘बघा, अजून बरं झालं नाही’ म्हणायचा आणि पुढची बाटली गळ्यात मारायचा. अशाने बाटल्या कधी संपणारच नाहीत.

माझा मोठा भाऊ तासगावला द्राक्षं करतो. वैतागून त्याला व्हिडिओ कॉल लावला, झाड कुठलं ते सांगितल्यावर तो जरा गप्प झाला, मग म्हणाला, “आम्ही देठ परीक्षण केल्याशिवाय खताचं पोतं उचलत नाही आणि तू फोटोवर औषध घालतोयस होय? आधी मला सांग, पिवळं खालनं चढतंय का शेंड्याकडनं उतरतंय?” मी म्हटलं दादा दोन्ही आहे, खाली पिवळं आणि वर ठिपके. “मग दोन वेगळी दुखणी आहेत,” म्हणाला, “खालचं मॅग्नेशियम, वरचं कॅल्शियम. पाणी कुठलं घालतोस आणि माती कसली आहे?” एवढ्या दोन वाक्यांत त्याने जे विचारलं ते त्या डॉक्टरने इतक्या दिवसांत विचारलं नव्हतं.

त्याचं म्हणणं साधं आहे. नायट्रोजन, मॅग्नेशियम, पोटॅश ही झाडाच्या आत फिरणारी अन्नद्रव्यं, कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं म्हणून खालची पानं आधी बोलतात. नायट्रोजन कमी असेल तर अख्खं पान सारखं फिकट होतं, मॅग्नेशियम असेल तर शिरा हिरव्या राहतात, पोटॅशला कडा करपतात. कॅल्शियम आणि लोह एकदा पानात बसलं की हलत नाही, त्यामुळे त्याची कमतरता नव्या पानांत दिसते. नुसती टोकं जळाली असतील तर बहुतेक वेळा खत जास्त झालेलं असतं. आणि बारीक पांढुरके टिपके दिसले तर खत सोडा, पान उलटं करून भिंगाने रस शोषणारे बारीक कोळी आणि फुलकिडे आहेत का बघा. माझ्या पानांत यातलं नायट्रोजनचं एकही लक्षण नव्हतं.

आता कोको. नारळाच्या काथ्याच्या भुश्शावर मुळातच पोटॅश आणि सोडियम चिकटलेलं असतं, त्यात किनाऱ्याकडची खारी हवा, आणि केरळात नारळाची सोडणं खाऱ्या बॅकवॉटरमध्ये कुजवतात तिथे तर मीठ आणखी. नुसत्या पाण्याने धुतलं की मोकळं मीठ निघून जातं, पण चिकटलेलं पोटॅश-सोडियम तसंच राहतं, ते काढायला कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं, त्यालाच बफरिंग म्हणतात. हे केलं नाही तर कोको तुमच्या खतातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतः धरून ठेवतो आणि बदल्यात पोटॅश-सोडियम सोडतो, आणि झाड भरल्या ताटासमोर उपाशी राहतं. साध्या पाण्याने फ्लश करायला लावणं तर शुद्ध हलकटपणा होता, त्याने होतं नव्हतं तेही वाहून गेलं. आणि नळाच्या पाण्याचं म्हणाल तर इथलं पाणी लेक ऑन्टॅरिओचं, त्यात थोडंफार कॅल्शियम असतंच, आरओने तेही काढून टाकलं.

त्याची एक शिल्लक वीट डिस्टिल्ड पाण्यात भिजवली, पिळली आणि त्या पाण्यात ईसी मीटर घातला. आकडा २ mS/cm च्या वर, चांगल्या धुतलेल्या कोकोत तो साधारण ०.५ च्या आसपास किंवा त्याखाली अपेक्षित असतो. म्हणजे बफर सोडा, धड धुतलेलासुद्धा नव्हता. इथे एक सांगून ठेवतो, आकडा कमी आला म्हणजे बफर केलंय असं नाही, ते या टेस्टमध्ये कळत नाही. मग त्याच्याकडच्याच ‘कॅलमॅग’ (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं खत) बाटलीची पाळी. त्याने सांगितलेल्या डोसप्रमाणे लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात घातलं तर मीटर जेमतेम हलला. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात गेले की ईसी वाढलाच पाहिजे, मीटर हलत नाही म्हणजे बाटलीत नावापुरतंच काहीतरी आहे. लेबलवर एनपीकेचे (नायट्रोजन, स्फुरद, पोटॅशचे) आकडेपण नव्हते, कॅनडात खताच्या लेबलवर हमीचं प्रमाण छापावं लागतं.

तरी मनात होतं की माणूस अडाणी असेल, लबाड नसेल. म्हणून बायकोच्या नंबरवरून आणि एका मित्राच्या नंबरवरून अगदी तोच फोटो त्याला पाठवला, कापला नाही, रंग बदलला नाही. बायकोला सांगितलं लोहाची कमतरता, मित्राला सांगितलं बुरशी. दोघांना वेगवेगळ्या बाटल्या, किंमत तीच ४५ डॉलर. तिथे माझी खात्री पटली.

झाडं वाचली. परत नळाचं पाणी सुरू केलं, कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट दुकानातून आणलं, दोन्ही मिळून त्याच्या एका बाटलीपेक्षा स्वस्त. दोन्हीचं घट्ट द्रावण मात्र एकत्र करू नका, खाली जिप्सम बसतं, वेगवेगळं विरघळवून भरपूर पाण्यात मिसळा. पीएच ५.८ ते ६.२ मध्ये ठेवला, प्रत्येक वेळी कुंडीतून थोडं पाणी खाली निघेल एवढं घातलं आणि निघालेल्या पाण्याचा ईसी बघत राहिलो. जुनी डागाळलेली पानं तशीच आहेत, शेंड्याची नवी फूट स्वच्छ आली.

पैशांचं विचाराल तर त्याला पुराव्यासकट मेसेज केला, त्याने ‘तुमची मुळं खराब आहेत’ लिहून ब्लॉक केलं आणि जाताना आपल्याकडचे जुने मेसेज ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करत गेला, जेवढे जमले तेवढे. बँकेने सांगितलं ई-ट्रान्सफर समोरच्याच्या खात्यात जमा झाली की ती परत खेचता येत नाही. कॅनेडियन अँटी-फ्रॉड सेंटरकडे तक्रार नोंदवून ठेवलीय. ज्यांनी अशाच कुणाला क्रेडिट कार्डाने पैसे दिलेत त्यांनी आजच कार्ड कंपनीला डिस्प्यूट लावा, आणि त्याला काही बोलायच्या आधी सगळ्या चॅटचे, लेबलांचे आणि त्या स्टिकरचे स्क्रीनशॉट, फोटो काढून ठेवा. त्याच्या विटा अजून वापरल्या नसतील तर रोप लावायच्या आधी पिळून ईसी बघा, आणि कितीही आला तरी कॅल्शियम नायट्रेटमध्ये रात्रभर भिजवून मगच कुंडीत भरा.